मुज्तबा पेंटर आणि लहानमोठी होणारी घंटा

औशाचा मुज्तबा पेंटर पहिल्यांदा खुर्चीवर बसून काम करायला लागला, तेव्हा त्याचे अर्धे केस पांढरे झाले होते. तोवर सगळं आयुष्य शिडीवर गेलं. शिडीवरच चहा, शिडीवरच बिडी, आणि खाली उभ्या गिऱ्हाइकाशी वाद घालायचा तोही वरूनच. वरून बोलणाऱ्याचं लोक ऐकतात, असा त्याचा अनुभव होता. खुर्चीत बसल्यावर आपलं कोणी ऐकंना, हे त्याच्या लवकरच लक्षात आलं.

शिडी सुटली ती फ्लेक्समुळं. भूकंपानंतरच्या वर्षांत लातूरला दोनच गोष्टींची घाई झाली होती, घरं बांधायची आणि पोरं डॉक्टर करायची. काल जिथं पिठाची गिरणी होती तिथं आज केमिस्ट्रीचा क्लास निघायचा, आणि क्लासात बाक यायच्या आधी दारावर बोर्ड चढायचा. ते बोर्ड मुज्तबाचे. वर सरांचं नाव, मधे विषय, खाली गुणवत्ता यादीत आलेल्या पोरांचे चेहरे. पासपोर्ट फोटोवरून चेहरा उतरवण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. तक्रार एकच असायची, की सगळी गुणवंत पोरं थोडीफार त्याच्या मेहुण्यासारखी दिसतात. मेहुणा, उमरीचा निजामोद्दीन, नववी नापास होता. ही गोष्ट मुज्तबानं गिऱ्हाइकांना कधी सांगितली नाही.

मग फ्लेक्सचं मशीन आलं. संध्याकाळी फोटो द्या, सकाळी बोर्ड घेऊन जा, आणि पोरगं हुबेहूब स्वतःसारखं. बघता बघता मुज्तबाचे डबे सुकले. त्याची बायको हाजराबी व्यवहाराला पक्की. तिनं परस्पर भावाशी बोलून ठेवलं. ईद झाली की मुज्तबानं उमरीला जायचं आणि निजामोद्दीनच्या लोखंडी सामानाच्या दुकानात बसायचं. खिळे तोलायचे, पत्रे मोजून द्यायचे. खिळे तोलायच्या कल्पनेनं मुज्तबाची झोप उडाली. ज्या हातानं मराठी, उर्दू, इंग्रजी तिन्ही लिप्या वळवल्या त्या हातात तराजू धरायचा, म्हणजे हात असून नसल्यासारखाच, असं त्याला वाटायचं.

मदतीला आली त्याची मुलगी कहकशां. ती रोज एसटीनं औशाहून लातूरला जाऊन विरूपाक्ष नावाच्या माणसाच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करायची. विरूपाक्ष निलंग्याकडचा, नांदेडला शिकून आलेला, बोलताना सारखा चष्मा वर सरकवणारा. एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं आणि शेषेराव सरांच्या मोठ्या क्लाससाठी तो एक प्रोग्रॅम बनवत होता. पोरांची हजेरी, परीक्षा, मार्क, हॉस्टेलच्या खोल्या, सगळं त्यात. घोडं अडलं ते बटणांपाशी. प्रत्येक बटणावर एक चित्र हवं होतं आणि विरूपाक्षनं ती चित्रं मिळतील तिथून गोळा केली होती. त्यामुळं प्रिंटर मुंगीएवढा आणि घंटा घमेल्याएवढी. शेषेराव सरांनी पहिल्यांदा स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, "हे काय आठवडी बाजार मांडलाय का?"

तेव्हा कहकशां म्हणाली, "माझे अब्बा काढून देतील. सगळी एका मापाची."

विरूपाक्षनं चष्मा वर सरकवला आणि चाचाला घेऊन ये म्हणाला. काम जमलं तर पुढच्या प्रोग्रॅमांची चित्रंही त्यांनीच काढायची, असंही ठरलं. म्हणजे उमरी टळणार होती. मुज्तबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, ब्रश वर्तमानपत्रात गुंडाळून ऑफिसात हजर झाला.

"किती इंची पायजेत?" त्यानं बसायच्या आधीच विचारलं.

"इंच नाही चाचा. बत्तीस बाय बत्तीस."

"बत्तीस काय?"

"ठिपके. स्क्रीनचे ठिपके."

"एक ठिपका केवढा आसतो?"

"तसं काही नसतं. स्क्रीन मोठी असली की मोठा, छोटी असली की छोटा."

मुज्तबाला वाटलं, पोरगं चेष्टा करून राहिलं. त्याचे वडील त्याला शिकवून गेले होते की माप हे माप असतं, ते भिंतीप्रमाणं बदलत नाही. त्यानं थोडा विचार केला आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. एका इंचात आठ सूत. बत्तीस सूत म्हणजे बरोबर चार इंच. "मंग आसं सांगा की!" तो म्हणाला, आणि विरूपाक्षलाही वाटलं की चाचांना समजलं. दोघंही एकमेकांवर खूश झाले.

पण आधी जागा बघून घ्यावी, म्हणून विरूपाक्ष चहाला खाली उतरल्यावर मुज्तबानं नेहमीप्रमाणं काम सुरू केलं. खिशातला दोरा काढला, खडूच्या भुकटीतून ओढला, एक टोक कहकशांच्या मॉनिटरच्या या कडेला धरलं, दुसरं त्या कडेला, आणि मधोमध दोरा ताणून सोडला. काचेवर पांढरी सरळ रेघ उठली. शिरोरेषा. आता हिच्याखाली सगळी चित्रं टांगायची, कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

"नक्को अब्बा!" कहकशां ओरडली. "काचेवर रेघ नाही मारायची!"

"का? पुसली जाती."

"स्क्रीन हलवली की चित्रं हलतात अन् तुमची रेघ तिथंच राहती."

तिनं माउस फिरवून दाखवलं. सगळी बटणं सुळकन वर गेली आणि रेघ हवेत लटकत राहिली. मुज्तबा कितीतरी वेळ त्या रेघेकडं बघत बसला. बोर्डच पळून जातो असं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं.

शेवटी ठरलं असं की त्यानं काचेच्या वाटेला जायचंच नाही. जाड कागदाच्या तुकड्यांवर ब्रशनं चित्रं काढायची. कहकशां ती स्कॅनरवर ठेवून कॉम्प्युटरात घेईल. मग प्रोग्रॅम चित्राभोवतीचा कोरा कागद कापून टाकेल आणि उरलेलं चित्र आपणहून बटणात बसवेल. हे मुज्तबाच्या आवाक्यातलं होतं. तो खिडकीजवळ बसला आणि हात चालू लागला. हजेरीला घंटा, हॉस्टेलला खाट, मार्कांना वही, परीक्षेला पेन, गावाकडं जायच्या सुट्टीला एसटी. सगळं चार इंच, लाकडी पट्टीनं तपासून. घंटेला अशी गोलाई आली की विरूपाक्ष स्वतः येऊन बघून गेला. कितीतरी दिवसांनी त्या बोटांना काळा रंग लागला होता, आणि औशाला परतताना एसटीत त्यानं तो मुद्दाम धुतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळी चित्रं स्क्रीनवर आली आणि तिघांनी कपाळाला हात लावला. घंटा ठीक होती. खाट निम्मी. पेन एवढंसं. एसटी तर बटणाच्या एका कोपऱ्यात अंग चोरून उभी होती, जशी काही डेपोवाल्यांनी बाजूला घे म्हणून सांगितलंय.

"चाचा, एका मापाची काढा म्हटलं होतं ना?"

"एकाच मापाची हायत. ही घ्या पट्टी."

विरूपाक्षनं पट्टी घेऊन कागद मोजले. सगळी चार इंच. त्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा मोजले. कागदावर सारखी असलेली चित्रं काचेत शिरल्यावर लहानमोठी का होतात, हे त्यालाही कळेना. त्यानं प्रोग्रॅम उघडून आतलं काय काय बदललं. वीज कमीजास्त होते म्हणून स्कॅनरची वायर दुसऱ्या भिंतीत लावली. कहकशांनं कागद सरळ, आडवे, उलटे ठेवून पाहिले. चित्रं आपली तशीच.

मुज्तबानं त्याच्या परीनं इलाज केला. जे लहान दिसतं ते मोठं काढायचं, यात न समजण्यासारखं काय आहे? त्यानं एसटी पाच इंचांची काढली. ती स्क्रीनवर आली आणि आधीपेक्षाही बारीक झाली. सहा इंचांची काढली, तर ओळखू येईना की एसटी आहे की काड्याची पेटी. मग त्यानं रागानं घंटा जरा लहान काढून पाहिली. ती फुगून बटणभर झाली. मोठं केलं की लहान होतं, लहान केलं की मोठं होतं. बायकोचं आणि आपलं भांडणही असंच चालतं, असं तो म्हणाला. पण कोणी हसलं नाही.

त्याचं डोकं चालेनासं झालं. रात्री जेवताना तो भाकरीकडं बघून विचार करायचा, ही जवळ आहे म्हणून मोठी दिसते की मोठी आहे म्हणून? हाजराबी विचारायची, "काय झालं?" तो म्हणायचा, "काय न्हाई." ती म्हणायची, "निजामोद्दीनचा निरोप आला होता." मग तो अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचा. त्याला आतून भीती वाटू लागली होती की दोष काचेत नाही, स्कॅनरमध्ये नाही, आपल्या हातात आहे. हात गेला. बोर्ड गेले तसा हातही गेला, आणि आपल्याला तेवढं कळलं नाही.

शेषेराव सर गुरुवारी बघायला येणार होते. बुधवारी दुपारी विरूपाक्ष खुर्ची ओढून मुज्तबासमोर बसला. तो वाईट माणूस नव्हता, म्हणून त्याला बोलायला वेळ लागला.

"चाचा, आता वेळ नाही. पुण्याला माझा मित्र आहे, त्याच्याकडं तयार चित्रांची सीडी आहे. रात्रीच्या गाडीनं मागवतो. तुमचं काम चांगलंच आहे, पण मशीनला जमंना."

मुज्तबा हाव म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्यानं ब्रश पुसून वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतले. ते बघून कहकशांचा चेहरा उतरला. तीच त्याला इथं घेऊन आली होती, आणि तिनंच त्याला उमरीच्या गाडीत बसवल्यासारखं होणार होतं. ती मशीनकडं वळली आणि एसटीचा कागद पुन्हा एकदा स्कॅनरवर ठेवला.

या वेळी तिनं एक वेगळी गोष्ट केली. प्रोग्रॅम कोरा कागद कापतो, तर चित्र कुठून कुठवर आहे असं त्याला वाटतं, हे तिनं त्यालाच विचारलं. जेवढं चित्र समजतोस तेवढ्याभोवती लाल चौकट काढ. चौकट आली. ती एसटीभोवती नव्हती. एसटी सोडून, कोऱ्या कागदावरून पुढं जाऊन, ती थेट खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत पोचली होती.

"साहेब, इकडं या. इथं तर काहीच नाही."

विरूपाक्षनं तो कोपरा मोठा केला. आणखी मोठा केला. राखाडी रंगाची केसाएवढी बारीक अक्षरं वर आली.

मुज्तबा, औसा.

कहकशांनं स्कॅनरवरून कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. कागद रोज तिच्या हातातून जात होते आणि तिला ते नाव दिसलं नव्हतं. लहानपणापासून किराणा दुकानावर, दवाखान्यावर, पिठाच्या गिरणीवर, जिथं बघेल तिथं कोपऱ्यात बापाचं नाव होतंच. ते आहे हे कोण बघत बसतो?

पेंटरचा रिवाजच तो. बोर्ड पुरा झाला की उजव्या खालच्या कोपऱ्यात पातळ रंगानं नाव आणि गाव टाकायचं, मग शिडीवरून उतरायचं. त्याची कोणी परवानगी घेत नाही आणि कोणी हरकत घेत नाही. मुज्तबानं प्रत्येक कागदावर तेच केलं होतं. सांगावं असं त्यात काही आहे, हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. घंटेखाली जागा होती म्हणून नाव चिकटून बसलं आणि घंटा मोठी राहिली. एसटी लांबोडी, म्हणून नाव दूर कोपऱ्यात गेलं. एसटी आणखी मोठी काढायला त्यानं मोठा कागद घेतला, तर नाव आणखी दूर सरकलं; घंटा लहान कागदावर काढली, तर नाव तिच्या अगदी पोटाखाली आलं. बिचारा प्रोग्रॅम नावासकट सगळं बटणात कोंबत होता. त्या कोंबाकोंबीत नाव दिसेनासं होई आणि चित्र आकसून जाई.

विरूपाक्ष पोट धरून हसला. "चाचा, तुमच्या नावानंच घोळ घातला! पुसा, म्हणजे झालं. सीडी रद्द."

मुज्तबाला हसू येईना. "आनखी बारीक लिव्हतो की."

"कितीही बारीक लिहा, मशीनला दिसतंय."

"मंग चित्राच्या आत? घंटेच्या पोटात?"

तसंही करून पाहिलं. बटणावर घंटा आली ती डाग पडल्यासारखी. कोणीतरी तेलकट बोट लावावं तसा डाग.

मुज्तबा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत त्यानं एकाच पाटीवर नाव टाकलं नव्हतं. भूकंपानंतर एका गावानं गेलेल्या माणसांची नावं त्याच्याकडून लिहून घेतली होती. काळा पत्रा, पांढरी अक्षरं, एकाच आडनावाच्या ओळीमागून ओळी. त्यातल्या काहींची दुकानं त्यानं रंगवली होती. पाटी संपल्यावर त्याचा ब्रश सवयीनं कोपऱ्याकडं गेला आणि तिथंच थांबला. या पाटीवर जित्या माणसाचं नाव नको, असं वाटून त्यानं ब्रश धुऊन टाकला होता. आणि आता हे पोरगं हसत हसत सांगत होतं, घंटेवरचं नाव पुसा, खाटेवरचं पुसा. आपण काय मेलो का? असा त्याला सरळ प्रश्न पडला. रागही आला, पण कोणावर काढायचा ते कळेना. विरूपाक्षचं चुकलं नव्हतं. मशीनचंही चुकलं नव्हतं. हात गेलेला नाही हे ऐकून खरं तर नाचायला पाहिजे होतं, आणि त्याच वेळी रडू फुटेल की काय असं वाटत होतं.

"मंग त्याच्यावर नाव कुनाचं ऱ्हाईल?" त्यानं वळून विचारलं.

"कोणाचंच नाही. सुरुवातीला ऑफिसचं नाव येतं तेवढंच."

कहकशां म्हणाली, "अब्बा, मी पुसते. कॉम्प्युटरात एका मिनटात होतंय. तुमी बघू पन नका."

"न्हाई," तो म्हणाला. "मी लिव्हलं, मीच पुसनार."

त्यानं वर्तमानपत्र उलगडलं, सगळ्यात बारीक ब्रश काढला, पांढऱ्या रंगात बुडवला आणि एकेका कागदाच्या कोपऱ्यावरून फिरवला. बोर्ड रंगवताना जेवढा स्थिर तेवढाच त्याचा हात होता. कहकशांनं मात्र मान फिरवली. रंग वाळल्यावर तिनं कागद एकामागून एक स्कॅनरवर ठेवले. घंटा, खाट, वही, पेन, एसटी, सगळी बटणांत नीट बसली, कोणी लहान नाही, कोणी मोठं नाही. विरूपाक्षनं टाळी वाजवली आणि चहा सांगितला. मुज्तबानं स्क्रीनच्या कोपऱ्याकडं एकदा बघून घेतलं आणि चहा घेतला.

गुरुवारी शेषेराव सर आले. हे मोठे गृहस्थ, त्यांच्या क्लासात पोरांना जागा मिळावी म्हणून नांदेड, मुखेडपासून आईबाप येऊन बसायचे. सोबत त्यांच्या ऑफिसातल्या उमादेवी होत्या, कारण प्रोग्रॅम रोज त्यांनाच वापरायचा होता. विरूपाक्षनं बटणं दाबून दाखवली. उमादेवींनी खाटेवर बोट ठेवलं आणि त्या म्हणाल्या, "हे हॉस्टेल, विचारायला नको." एसटी बघून त्या हसल्याच. सर मात्र एकेक बटण वाकून बघत होते. मुज्तबा मागं भिंतीला टेकून उभा होता.

"आता कसं वळणात आलं," सर शेवटी म्हणाले. "चित्रं चांगली हायत. कुणी काढली?"

विरूपाक्ष उत्तर द्यायला वळला, पण त्या क्षणी त्याचा फोन वाजला आणि तो तिकडं गेला. कहकशांनं बापाकडं पाहिलं आणि ती मुद्दाम गप्प बसली. सर खोलीत इकडंतिकडं बघू लागले.

मुज्तबा गोंधळला. हा प्रश्न त्याला आयुष्यात कोणी विचारलाच नव्हता. विचारायची वेळच यायची नाही, माणूस कोपऱ्यात वाचायचा आणि पुढं जायचा. स्वतःच्या तोंडानं हे कसं सांगतात? बढाई वाटली तर? नाही सांगितलं तर? त्यानं घसा खाकरला. शिडीवर असल्यासारखा आवाज लागला, गरजेपेक्षा फार मोठा, आणि खालच्या मेडिकलमधलं गिऱ्हाईकसुद्धा वर बघू लागलं.

"मी काढली," तो म्हणाला. "मुज्तबा. औसा."